डिकीतलं काजळ

रोज सकाळी गाडीला पाणी लावण्याआधी लंकाबाई मागच्या डाव्या काचेवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायची, आणि थांबायची. दार वाजवल्यावर आतून कुणी ओ देईल म्हणून माणूस थांबतं, तेवढीच. आत कुणी नसायचं. मग ती दार उघडून डाव्या हाताचं बोट दाराच्या कडेच्या रबरावर टेकवायची आणि सगळ्या चौकटीभर सावकाश फिरवायची. तांदूळ निवडताना खडा लागला की बोट थबकतं, तसं ते मध्येच कुठे थबकायचं आणि पुढे जायचं. चारी दारं झाली की शेवटी डिकी. एवढं झाल्यावरच ती बादलीला हात घालायची.

गंगापूर रोडवरच्या उपासनी वकिलांच्या बंगल्यात हे अकरा वर्षं चाललं. पेपर टाकणाऱ्या नाथाला त्याची फार मौज वाटे.

"लंकाबाई, आत कोन हाय? सवत का?"

"तुझी सासू हाय. ये, भेटून जा."

नाथा हसत सायकल दामटायचा. पण त्या काचेकडे तो कधी निरखून बघत नसे. त्या रस्त्यावरच्या पुष्कळ लोकांची तीच गत होती.

गाडी म्हणजे दुधी रंगाची अ‍ॅम्बॅसिडर. ती धुण्याचं काम आधी लंकाबाईच्या नवऱ्याकडे, जयरामकडे होतं. एकाहत्तर साली जयराम काविळीने गेला, आणि पुढच्या आठवड्यात लंकाबाई त्याचीच बादली घेऊन गंजमाळच्या वस्तीतून चालत बंगल्यावर आली. वकील घोटाळले. बाईमाणूस गाडी धुणार? तेव्हा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेल्या त्यांच्या आई, ज्यांना सगळी गल्ली माई म्हणायची, त्या म्हणाल्या होत्या, "पातेली घासते ती गाडी का नाही धुणार? गाडी म्हणजे काय, मोठं पातेलंच की."

तेवढ्यावर काम ठरलं. चहाचा एक वेगळा कप कुंपणाच्या भिंतीवर आला. तो वेगळा का, हे कुणी बोललं नाही आणि लंकाबाईने विचारलं नाही. पण त्या कपात चहा ओतायला माई स्वतः उठून यायच्या, गुडघे दुखत असले तरी.

जयरामच्या हाताखाली तिने काम पाहिलेलं होतं. गाडी उन्हातून आली की लगेच पाणी मारायचं नाही, पत्रा निवू द्यायचा. पाणी वरून खाली, तांब्याने. नळी लावून सांध्यांत धार सोडायची नाही. साबण नको, रिठ्याचा फेस पुरे. रंगाचं फडकं वेगळं आणि रबराचं वेगळं, कारण रबराच्या खाचेत वाळूचा एक कण बसला आणि तेच फडकं पत्र्यावर फिरलं की रंगावर ओरखडा उठलाच. चकचकीत पट्ट्यांच्या कडेने फडक्यात नख धरून लांबीने पुसायचं, आडवं नाही. पॉलिश करताना रबर आणि पत्र्याच्या मध्ये जुनं पोस्टकार्ड सरकवायचं, म्हणजे पॉलिश रबराला लागत नाही. वकिलांकडे जुन्या पोस्टकार्डांना तोटा नव्हता. आणि शेवटी दारं सताड उघडी टाकून रबर वाळू द्यायचं.

"रबराला निस्तं पानी," जयराम म्हणायचा. "ते जित्ता जीव हाय. त्याला काय बी पाजू नको."

हे एवढं तिने ऐकलं नाही.

झालं असं की त्र्याहत्तर साली सीबीएस बसस्टँडजवळ टॅक्सीवाले गाड्या पुसताना तिने पाहिले. रॉकेलचा बोळा फिरवला की डांबराचे ठिपके, चिखलाचे ओघळ, सगळं निघून जायचं आणि काळं रबर तर काल बसवल्यासारखं दिसायचं. तिला वाटलं, आपल्याही गाडीला ही तुकतुकी यावी. वकिलांच्या घरून रॉकेल मागणं तिला जमणारं नव्हतं. रेशनवर मिळणाऱ्या आपल्याच रॉकेलमधून ती पाव बाटली बाजूला ठेवू लागली. त्या पायी कधी भाकरी कच्ची राहिली, कधी चिमणी लवकर विझवावी लागली. पण गाडी अशी दिसू लागली की माई काठी टेकत खाली आल्या, दारावरून हात फिरवून म्हणाल्या, "लंके, ही गाडी नाही गं, खरवस आहे."

लंकाबाईला जन्मात कुणी असं काही म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने बोळा अजून दोनदा फिरवला.

वर्षभरात रबर बदललं. आधी ते मऊ झालं, फुगलं. दार उघडताना जीभ टाळूला चिकटून सुटावी तसा आवाज येऊ लागला. मग ते भेगाळलं. चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर एक दिवस डिकीचं झाकण उचलताना डाव्या कोपऱ्यातला वीतभर तुकडा तिच्या हातात आला. गुळाच्या पाकासारखा, बोटांना चिकटणारा. तिने इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. तिने तो तुकडा डिंक लावून परत जागेवर दाबला आणि झाकण हळूच लावलं.

डिंक किती दिवस टिकणार? पहिल्याच धुण्यात तो सुटला. मग तिने तो तुकडा पदरात बांधून घरी नेला. सांगितलं कुणालाच नाही. डिकीच्या रबराकडे कोण बघतं?

त्याच डिसेंबरात माई चांदवडला देवीला गेल्या. कडाक्याची थंडी होती. पुढे ड्रायव्हर बहिरू आणि वकील, मागे डाव्या कोपऱ्यात एकट्या माई. त्यांचा खांदा धरला होता म्हणून सगळ्या काचा घट्ट बंद. फक्त बहिरूची काच खाली, कारण त्याला विडीशिवाय गाडी चालवता येत नसे. गडाच्या पायथ्याशी वकिलांनी आईला हाक मारली तेव्हा माई मान टेकून झोपलेल्या होत्या. त्या उठल्या नाहीत.

"काय मरण आलं," सगळे म्हणाले. "देवीच्या दारात, झोपेत." पण ज्या बायकांनी त्यांना शेवटची आंघोळ घातली त्या दबक्या आवाजात वेगळंच बोलत होत्या. माईंचे गाल गुलाबी होते. पंचवीस वर्षं कुंकू न लावलेल्या त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर, मेल्यानंतर, कुणीतरी नुकतं कुंकू कालवून बोटांनी पसरल्यासारखी लाली होती. ती लाली चितेवर ठेवीपर्यंत गेली नाही.

माईंची जुनी लुगडी वाटून टाकली. त्यातलं एक पांढरं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं, वकिलांच्या बायकोने, सावित्रीबाईंनी, लंकाबाईला दिलं. "गाडी पुसायला होईल." तेव्हापासून लंकाबाई माईंच्या लुगड्याने ती गाडी पुसू लागली.

आणि गाडीत झोप राहायला आली.

लोक असंच म्हणायचे: त्या गाडीत झोप आहे. महिन्याभराने वकिलांची मेहुणी मागे बसून सिन्नरला गेली ती डोकं धरून ओकत उतरली. कोंडाजी नावाचे एक अशील निफाडहून येताना असे झोपले की बहिरूने तोंडावर पाणी मारलं तेव्हा उठले. उठल्यावर म्हणाले, "शेजारी एक म्हातारी बाई होत्या ना? टेका जरा, म्हणाल्या." त्यांनी माईंना कधी पाहिलेलं नव्हतं. उन्हाळा आला, काचा उघड्या राहू लागल्या आणि सगळं थांबलं. मग पुन्हा थंडी पडली आणि पुन्हा सुरू झालं. माई थंडीत येतात, असं ठरून गेलं. पुढे आरशाला लिंबू-मिरची टांगली, मागच्या सीटवर नारळ ठेवला. लंकाबाई नारळ उचलून सीट पुसायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची.

एक गोष्ट मात्र फक्त तिलाच माहीत होती. गाडी लांब जाऊन आली की दुसऱ्या दिवशी डिकीच्या आतल्या दुधी कडेवर एक काळी रेघ असायची. बारीक, मऊ, डाव्या कोपऱ्यात जाड होत गेलेली, डोळ्यात काजळ भरावं तशी. पाण्याने ती फिसकटायची, रिठ्याने निघायची. पुढच्या खेपेला परत.

पंचाहत्तरच्या थंडीत वकिलांची मुलगी कुमुद बाळंतपणाला माहेरी होती. तिची मुलगी तीन महिन्यांची झाली आणि सटाण्याला सासरी पाठवणीचा दिवस ठरला. दोन दिवस आधी सावित्रीबाई पाळण्याचं सामान डिकीत ठेवायला आल्या, नेमकी लंकाबाईने रेघ पुसायच्या आधी. त्या बघत राहिल्या.

"माईंचं काजळ," त्या म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येक बाळाचं काजळ माईच धरायच्या. तुपाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी ठेवून, रात्रभर.

"आपल्या पणतीसाठी धरलंय," सावित्रीबाई हळू म्हणाल्या. त्यांनी रेघेवर बोट टेकवलं, कुमुदच्या कडेवरच्या बाळाजवळ गेल्या आणि त्याच्या कपाळाला तीट लावली. बाळ हसलं. लंकाबाईच्या हातातला तांब्या कलंडला आणि पाणी तिच्या पायांवर गेलं. आपल्याला कशाची भीती वाटली, हे तिला तेव्हा कळलं नाही.

ते संध्याकाळी कळलं. घरी तिने चिमणी पेटवली आणि तिची नजर भिंतीवर गेली. चिमणीच्या वर, धूर जिथून सरकत छपराच्या फटीकडे जाई, तिथे भिंतीवर तसलीच रेघ होती. बारीक, मऊ, फटीजवळ जाड होत गेलेली. जिथून धूर जातो तिथे काजळ बसतं. धुराशिवाय काजळ धरलं जात नाही, मग ते माईंनी धरलेलं असो की आणखी कुणी.

पेटीतून तिने तो वीतभर रबराचा तुकडा काढला. तो आता दगडासारखा झाला होता. ती तो हातात धरून बसून राहिली. गाडीत झोप शिरत होती ती त्या वीतभर जागेतून. आणि ती जागा तिने केली होती.

सकाळी तिने बहिरूला गाठलं.

"बहिरूभाऊ, मला गाडीत मागं बसव. सोमेश्वराच्या देवळापस्तोर ने आन् परत आन. काचा बंद."

बहिरू हरसूलकडचा, सहसा न घाबरणारा माणूस. पण त्याने विडी खाली टाकली. "खुळी का तू? सायेबांनी पायलं तर दोघांचं बी दानापानी बंद. आन् म्हातारी मागं बसती, ठावं हाय ना?"

"तिला डावीकडं सोडून मी उजवीकडं बसंन. तिची जागा नाय घेत."

"लय शानी."

"उद्या त्या जागेवर तीन महिन्याचं लेकरू बसनार हाय, बहिरूभाऊ. वारा लागू नये म्हनून काचा बंद करून. तीन तास."

बहिरूने किल्ली काढली. वकील देवपूजेत होते.

माईंच्या लुगड्याचा एक तुकडा ओला करून लंकाबाईने मागच्या सीटच्या पाठीमागे डाव्या फटीत बसवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती त्या गाडीत बसली. सीट गुबगुबीत होती. बाहेर द्राक्षांचे मांडव, थंडीने आखडलेली माणसं, सगळं आवाजाविना मागे सरकत होतं. थोड्या वेळाने कपाळाभोवती कुणी दोरी आवळल्यासारखं वाटलं. ती दोरी सैल झाली तेव्हा फार बरं वाटलं. तिला भीती त्याचीच वाटली, नंतर, कितीतरी वर्षं: किती बरं वाटलं त्याची. चार वर्षांत पाय असे हलके झाले नव्हते. डाव्या बाजूला सीट किंचित दबली. गुडघ्यावर एक कोरडा, ओळखीचा हात आला.

"दमलीस गं लंके. टेक जरा."

सांगायला हवं, असं तिला आठवत होतं. काय सांगायला हवं, ते आठवत नव्हतं. काचेवर मारायला तिने हात उचलायचं मनात आणलं. हात मांडीवरच राहिला.

मग दार उघडलं, थंडगार हवेचा लोट तोंडावर आला आणि बहिरू तिला काखेत धरून बाहेर ओढत होता. ती रस्त्याच्या कडेला ओकली.

"बरं झालं टकटक केलीस," बहिरू म्हणाला. "दोनदा. नायतर मी काय थांबत नव्हतो."

"मी नाय केली."

"मी आयकली ना. डाव्या काचंवर."

"मी उजवीकडं व्हते, बहिरूभाऊ. माजा हात उचलला नाय."

बहिरूने गाडीकडे पाहिलं. मागची डावी काच आतून वाफेने धुरकटली होती. दोघांपैकी कुणीच ती पुसायला गेलं नाही. लंकाबाईने सीटमागून फडकं काढलं. पांढरं लुगडं काळं झालं होतं.

बंगल्याच्या व्हरांड्यात तिने ते फडकं आणि रबराचा तुकडा वकिलांच्या पायांशी ठेवला, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रॉकेल, डिंक, पदरात बांधून नेलेला तुकडा. सावित्रीबाई दारात होत्या, कुमुद त्यांच्या मागे. वकिलांनी कोर्टात विचारावं तसं सावकाश विचारलं, "रबर केव्हा तुटलं?"

"दसऱ्याच्या आसपास. मागल्या साली."

"आई जायच्या आधी, की नंतर?"

खोटं बोलायला जागा होती. "नंतर" एवढा एक शब्द पुरला असता.

"आधी," ती म्हणाली.

आत बाळ कुरकुरलं. सावित्रीबाई वळल्या, पदराचं टोक थुंकीने ओलं केलं आणि बाळाच्या कपाळावरची तीट पुसू लागल्या. तीट निघाल्यावरही पुसत राहिल्या, कातडी लाल होईपर्यंत, कुमुदने हात धरेपर्यंत.

गॅरेजवाल्या केरूने गाडीखाली शिरून पाहिलं. सायलेन्सर गंजून मध्येच फुटला होता, आणि वर रबर नाही. "धूर सगळा आत वढतीय," तो म्हणाला. "निस्ता सायलेन्सर फुटला असता तर येवढं झालं नसतं. निस्तं रबर गेलं असतं तरी नाय." लंकाबाईने ते ऐकलं. तिला त्याचा उपयोग झाला नाही.

पाठवणी चार दिवस पुढे गेली. नवा सायलेन्सर, नवं रबर, मागच्या काचा दोन दोन बोटं उघड्या, आणि बाळाला कुंचीवर कुंची. गाडी सकाळी गेली. लंकाबाई फाटकाशी बसून राहिली. कुणी तिला बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. दिवेलागणीला गाडी परत आली. बहिरू उतरला.

"पोचली. पार डोकं उठवलं कार्टीनं. सटान्यापस्तोर रडत व्हती."

"रडत व्हती?"

"दम म्हनून घेतला नाय."

"सगळा रस्ता?"

"सांगतोय ना. डोळ्याला डोळा लागला नाय तिचा."

तेव्हा लंकाबाई रडली. फाटकाला धरून, तोंडात पदर घालून, आवाज न करता.

आपल्याला आता काढून टाकतील, असं ती धरून चालली होती. पोलिसात दिलं तरी ती गेली असती. व्हरांड्यातला दिवा लागला आणि वकील बाहेर आले. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "उद्या वेळेवर ये." त्या विषयावर त्या घरात कुणी पुन्हा बोललं नाही. तिला क्षमा केली की शिक्षा दिली, हे तिला अखेरपर्यंत उलगडलं नाही. कप भिंतीवर येत राहिला. चहा ओतायला कुणी बाहेर येत नसे, तो आधीच ओतून ठेवलेला असे. ती तो गार झालेला पिऊन कामाला लागायची.

दुसऱ्या दिवसापासून तिची टकटक सुरू झाली. बहिरूला ठाऊक होतं, म्हणून तो तेवढ्या वेळात दुसरीकडे बघायचा. त्याने एकदाच विचारलं.

"कशापायी करतेस गं? येईल ना ती."

"तिनं केली व्हती," लंकाबाई म्हणाली. "आपुन नको का करायला?"

हळूहळू त्या रस्त्यावरच्या सगळ्याच गाड्या तिच्याकडे आल्या. डॉक्टरांची फियाट, कंत्राटदाराची जीप, सातपूरच्या कुठल्या कारखानदाराची नवी मारुती. रॉकेलचा बोळा हातात दिसला की ती तो ओढून घेई, मग ड्रायव्हर कुणाचाही असो. कुणी चकाकी मागितली तर म्हणे, रंगाला हवी तेवढी देते, रबराला मागू नका. टकटक मात्र ती एकाच गाडीवर करायची. आणि सावित्रीबाई, ज्यांनी तेव्हापासून तिच्याशी कामापुरतंही बोलणं टाकलं होतं, रोज त्या वेळेला वरच्या खिडकीत येऊन उभ्या राहायच्या. टकटक झाली की त्याही थांबायच्या. मग खिडकी लागायची.

सत्याऐंशीच्या जानेवारीत एका सकाळी लंकाबाईने टकटक केली आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबली. बहिरू म्हणतो, तिने मान अशी कलती केली, जसं काही ऐकू आलं. मग तिने दार उघडलं, रबरावरून बोट फिरवलं, गाडी धुतली, पोस्टकार्ड लावून पॉलिश केलं. काम झाल्यावर दमल्यासारखी पायरीवर टेकली. त्याच दुपारी ती घरी, उघड्या खिडकीखाली, झोपेत गेली. तिला न्हाऊ घालणाऱ्या बायकांनी सांगितलं की गाल पांढरे होते, जसे असतात तसे.

त्याच सकाळी ती पायरीवर बसलेली असताना बहिरू गाडी आत लावायला आला होता. त्याने मागच्या डाव्या दाराला हात घातला तेव्हा ती तिथूनच म्हणाली, "येवढ्यात नको लावू, बहिरूभाऊ. रबर वाळू दे."